धुरपता आत्याची उतरंड

धुरपताबाईंनी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली, आणि त्या तीस वर्षांत त्यांच्यासमोर ताट मागे सारायची हिंमत एकाही पेशंटला झाली नाही. तापानं फणफणलेला पहिलवान असो की ऑपरेशनच्या धास्तीनं अन्न सोडलेला मास्तर, बाई कॉटशेजारी स्टूल ओढून बसायच्या आणि म्हणायच्या, "खा सावकाश. मी इथंच हाय." मग पेशंट मुकाट्यानं चमचा उचलायचा. अशा बाईला निवृत्तीनंतर सतरा-सतरा वर्षांच्या तीन पोरींनी दोन महिन्यांत जेरीस आणलं.

झालं असं, की धुरपताबाईंचा धाकटा भाऊ मारोती मुखेड डेपोत मेकॅनिक. त्याची एकुलती एक लेक धम्मप्रिया दहावीला तालुक्यात पहिली आली आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. डॉक्टर व्हायचं तर लातूरला जायचं, हे तेव्हा मराठवाड्यात शेंबडं पोरही सांगत होतं. अकरावी मुखेडातच करून बारावीला धम्मप्रिया आत्याकडे आली, आणि भाचीला सोबत हवी म्हणून आत्यानं रेणापूरची मनस्विनी आणि जळकोटची रुद्राणी अशा आणखी दोघी ठेवून घेतल्या. तिघीही बारावीला. तिघीही त्यांना आत्याच म्हणायच्या, आणि तिघींनी मिळून आत्याच्या नाश्त्यावर बहिष्कार घातला होता.

या बहिष्काराचं मूळ गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये होतं. तिथं शिवमूर्ती सर फिजिक्सचा क्लास घ्यायचे. भूकंपाला तीन वर्षं व्हायला आली होती, तरी डोक्यावर स्लॅब नाही, नुसता पत्रा आहे, म्हणून पालक सरांवर खूश असत. पोरं मात्र सरांवर खूश नव्हती, पोरांची सरांवर भक्तीच होती. सकाळी सहाच्या ठोक्याला शेडचं दार बंद व्हायचं, एक मिनिट उशीर झाला तर बाहेर. आणि रोज दार बंद केल्यावर फळ्याकडे वळायच्या आधी सर एक वाक्य ठेवणीतलं काढायचे, "पोट भरलं की रक्त पोटाकडं धावतं आणि डोकं पडतं झोपी. मी स्वतः अकरापर्यंत पाण्याशिवाय काही घेत नाही. माझ्याकडं बघा."

पोरं बघायची. सरांचा चेहरा तुकतुकीत, आवाज खणखणीत, तीन-तीन तास उभं राहून शिकवणं. एवढा पुरावा पाहिल्यावर कोण खाईल? साठ पोरं उपाशीपोटी फिजिक्स शिकत होती आणि साठ आया कपाळावर हात मारून घेत होत्या.

धुरपता आत्या कपाळावर हात मारून घेणाऱ्यांपैकी नव्हत्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी पोहे केले. "आत्या, वेळ न्हाई," म्हणून पोरी सटकल्या. आत्यांनी यावर वॉर्डातल्यासारखा शांतपणे विचार केला. पोहे गरम लागतात, बसून खावे लागतात, पोरींना बसायला वेळ नाही. मग डब्यात घालून देता येईल असं काहीतरी करावं. म्हणून त्यांनी दाणे, गाजर, मटार घालून उप्पीट केलं आणि तिघींच्या हातात डबे दिले. डबे रोज लख्ख रिकामे होऊन परत येऊ लागले. आत्या खूश. पाचव्या दिवशी कोपऱ्यावरचा गवळी दारात आला.

"बाई, आमची म्हैस पहाटं सुटली की तुमच्या फाटकाशी येऊन उभी ऱ्हाती. हलना झालीय. तुमी काय घालून राहिलात तिला?"

आत्यांनी फाटकाबाहेर पाहिलं. म्हैस त्यांच्याकडे ओळखीनं बघत होती.

मग आंबील झाली. रात्री ज्वारीचं पीठ ताकात भिजवायचं, सकाळी लसूण-जिरं घालून शिजवायचं, पेल्यात ओतायचं. उभ्या उभ्या दोन घोटांत पोटात, आणि दुपारपर्यंत भूक नाही. मनस्विनी पेला घेऊन खिडकीशी उभी राहायची आणि बाहेर बघत बघत संपवायची. खिडकीखालची जास्वंद दोन वर्षं नुसती उभी होती, तिला पंधरा दिवसांत अकरा कळ्या लागल्या. मग शेंगदाणे, तीळ आणि गुळाचे लाडू झाले, खिशात टाकून चालता चालता खायला. रुद्राणीच्या ट्रंकेकडे मुंग्यांची रांग लागली तेव्हा त्यातून सतरा लाडू निघाले. मग भिजवलेले चुरमुरे, डाळ्याचं कूट आणि कढीपत्त्याची फोडणी घालून पाच मिनिटांत होणारी सुशीला झाली. ती पोरींनी संध्याकाळी परत आल्यावर तीनदा मागून खाल्ली, पण सकाळी शिवली नाही.

शेवटी आत्यांनी अंडी उकडली. रुद्राणीनं कानाला हात लावले, ते ठीक होतं, तिच्या घरी चालत नव्हतं. पण धम्मप्रियाला अंडी जिवापाड आवडायची. ती ताटलीसमोर उभी राहिली, अंड्यांकडे पाहिलं, आवंढा गिळला आणि दप्तर उचलून निघून गेली. त्या आवंढ्यानं आत्यांच्या डोक्यात उजेड पडला. पोरींना चव नको होती असं नव्हतं, वेळ नव्हता असंही नव्हतं. पोरींनी सरांवर विश्वास ठेवला होता, आणि विश्वासावर फोडणी टाकून उपयोग नसतो.

मग आत्या स्वतः शेडवर गेल्या. सरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि अत्यंत नम्रपणे तेच वाक्य ऐकवलं. "ताई, माझ्याकडं बघा."

आत्यांनी बघितलं. सदऱ्याची खालची दोन बटणं ताणलेली होती. काहीतरी खटकलं, पण काय ते त्यांना सांगता येईना. तसंच गिरणीतलं. तिथं सरांच्या बायको प्रेमलाबाई आठवड्यातून दोनदा धपाट्यांच्या पिठाचा डबा घेऊन यायच्या, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धणे, सगळं एकत्र दळलेलं. घरात माणसं दोन. "पाहुणे असतात का हो नेहमी?" असं आत्यांनी एकदा विचारलं होतं. प्रेमलाबाई पदर सावरत म्हणाल्या होत्या, "चिमण्यांना घालते." लातूरच्या चिमण्या सुखात आहेत एवढंच तेव्हा आत्यांच्या मनात आलं.

आणि मग ऑगस्टात, एका मंगळवारी, धम्मप्रिया क्लासमध्ये बेंचवरून खाली पडली. चक्कर आली होती. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ. आत्यांनी गोळ्या आणल्या, संध्याकाळी पालक-डाळ, खजूर, काय काय चारलं. पण सकाळी पोरगी पुन्हा रिकाम्या पोटी पळाली. आत्यांनी ही गोष्ट मुखेडला कळवली नाही. पण मुखेडच्या एका कंडक्टरचा पोरगा त्याच क्लासला होता, त्यामुळे लातूरला पडलेली पोरगी तीन दिवसांत मुखेड डेपोत पोचली.

शुक्रवारी संध्याकाळी मारोती दारात उभा. हातात रिकामी पिशवी, आणि चेहरा असा की आत्यांनी चहा न विचारताच ठेवला.

"अक्का, मी पोरीला न्यायला आलोय."

"बस आधी."

"बसतो. पण तो तुमचा सर कोण हाय, ते मला एकदा बघायचंय. टाकीत डिझेल न्हाई आन गाडी घाटात पळवा म्हणतोय! आमच्या डेपोत असं कुणी बोललं असतं तर सस्पेंड केला असता."

धम्मप्रिया रडवेली झाली. "बाबा, उद्या चाचणी हाय. सर म्हणतात—"

"सर काय म्हणतेत ते ऱ्हाऊ दे. तू पडलीस का न्हाई ते सांग."

मारोती कपबशी बाजूला सारून बहिणीला म्हणाला, "हे बघ अक्का. उद्या सकाळी ही माझ्या डोळ्यासमोर पोटभर खाऊन क्लासला गेली, तर ऱ्हाईल. न्हाई तर आठच्या मुखेड गाडीनं मी हिला घेऊन जातो. औंदाचं वर्ष गेलं तर गेलं. पोरगीच गेली तर मी काय करू?"

आत्यांना भावाचा राग आला नाही, कारण तो खरं बोलत होता. पण ऑगस्टात ट्रंक घेऊन घरी गेलेली पोरगी पुढच्या जूनला परत येतेच असं नाही, हेही खरं होतं, आणि ते त्यांनी गल्लीतल्या दोन घरांत पाहिलं होतं. तीस वर्षं डॉक्टरांच्या मागे ट्रे धरून चाललेल्या धुरपताबाईंना एकदा भाचीच्या मागे ट्रे धरून चालायची हौस होती. ती हौस आता एका ताटलीभर नाश्त्यावर येऊन अडली होती.

झोपायच्या आधी त्यांना पोरींची कुजबुज ऐकू आली. धम्मप्रिया सांगत होती, "बाबा उठायच्या आत निघू. चाचणीत पैकीच्या पैकी घेते आन मार्कच दाखवते. मंग नेतील का?" मनस्विनी म्हणाली, "कडी मी काढते, माझा हात हलका हाय." मारोती बाहेर अंगणात खाटेवर झोपला होता. भूकंपानंतर लातुरात पाहुण्याला आत झोपा म्हणायची पद्धतच उरली नव्हती.

इथं उतरंडीबद्दल थोडं सांगायला हवं. भूकंपाच्या त्या पहाटेनंतर लातुरात कुणी सांगितलं कुणास ठाऊक, पण घराघरात उतरंडी उभ्या राहिल्या. खाली कळशी, कळशीवर तांब्या, तांब्यावर पालथा पेला. जमीन जरा हलली की पेला पडणार, पेला पडला की आवाज होणार, आवाज झाला की बाहेर पळायचं. नियम एकच होता, हातात जे असेल ते घेऊन पळायचं, ठेवायला थांबायचं नाही. ठेवायला थांबलेल्यांच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकल्या होत्या. सुरुवातीला मांजरानं पेला पाडला तरी गल्ली रस्त्यावर यायची. पुढे बऱ्याच जणांनी उतरंडी काढल्या. आत्यांची पोरींच्या दप्तरानं चारदा पडली म्हणून त्यांनीही काढली होती. पण पळायची सवय कुणाची गेली नव्हती. समोरचे बापूसाहेब, निवृत्त मुख्याध्यापक, उतरंडही राखून होते आणि धक्क्यांची एक वहीसुद्धा. वार, वेळ, धक्का सौम्य की मध्यम, सगळं लाल शाईत.

तर शनिवारी पहाटे चारला आत्या उठल्या. आंघोळ केली, कणीक मळावी तसं धपाट्यांचं पीठ मळून ठेवलं, आणि पोरी मागच्या मोरीवर गेलेल्या पाहून दाराआड स्टूल सरकवलं. स्टुलावर कळशी, कळशीवर तांब्या, तांब्यावर पेला. एवढ्यानं समाधान होईना म्हणून पेल्यावर परात, आणि परातीत बारा चमचे. हलक्या हाताची मनस्विनी कडी काढील, दार आत ओढील, आणि मग बघू हात किती हलका आहे ते! आवाज झाला की मारोती जागा होणार, पोरगी दारातच सापडणार, आणि बापासमोर ताटलीशी बसणार. बेत इतका झकास होता की आत्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. त्या अंथरुणावर पडल्या आणि झोपेचं सोंग घेऊन घोरायला लागल्या.

सोंग जरा जास्तच चांगलं वठलं. दहा मिनिटांत त्या खऱ्याच घोरायला लागल्या.

साडेपाचला लाईट गेलेली. बाहेर नुकतं फटफटत होतं, घरात काळोख. तिघी चपला हातात घेऊन दाराशी आल्या. मनस्विनीनं कडी काढली, पिसासारखी. धम्मप्रियानं दार आत ओढलं.

त्यानंतर जो आवाज झाला तो बापूसाहेबांच्या मते मध्यम आणि तीव्र यांच्या मधला होता. कळशी पायरीवर आपटली, परात गरगरत अंगणात गेली, बारा चमचे बारा दिशांना उडाले. आणि आतल्या खोलीतून, वॉर्डात आग लागल्यावर यावा तसा आवाज आला:

"भूकंप! भूकंप झाला! बाहेर निघा सगळे!"

हो, आत्याच त्या. उतरंड रचणाऱ्याही त्याच आणि ओरडणाऱ्याही त्याच. झोपेतून ताडकन उठल्या, उशाची पेन्शनच्या कागदांची पिशवी काखेत मारली, दारात थिजलेल्या तिन्ही पोरींना दोन्ही हातांनी बाहेर ढकललं, खाटेवरून धडपडत उठणाऱ्या मारोतीला दंडाला धरून ओढलं आणि पाच जणांचा लोंढा रस्त्यावर आणला. रस्त्यावर थांबून मागे वळून पाहिलं, तर अंगणात त्यांचीच परात अजून गरगरत होती. तेव्हा कुठे आत्यांना आठवलं.

पण तोपर्यंत उशीर झाला होता. गल्लीतली सगळी दारं उघडली होती. कुणी अर्ध्या गालाला साबण लावून ब्रशसकट आलं होतं, कुणी दुधाचं पातेलं घेऊन, कुणी काखेत पोर आणि हातात लाटणं घेऊन. बापूसाहेब एका हातात वही आणि दुसऱ्या हातात दातांचा पेला घेऊन उभे होते. क्लासला निघालेली पंधरा-वीस पोरं सायकली थांबवून जागच्या जागी उभी राहिली.

आणि पाचव्या घराचं दार धाडकन उघडून शिवमूर्ती सर बाहेर आले.

सर बनियन-लुंगीवर होते, त्यात काही नवल नव्हतं. नवल सरांच्या डाव्या हातात होतं. त्या हातात ताट होतं. ताटात दोन खरपूस धपाटी, एकावर लोण्याचा गोळा, बाजूला दह्याची वाटी, ठेचा आणि कांदा. उजव्या हातात एक घास होता आणि तोंडात दुसरा. सर नियमाप्रमाणे ठेवायला थांबले नव्हते.

पोरांचे डोळे ताटावर, सरांचे डोळे पोरांवर. तोंडातला घास गिळावा तर सगळ्यांसमोर गिळावा लागणार, न गिळावा तर बोलता येणार नाही. आणि तेवढ्यात मागून प्रेमलाबाई उलथनं घेऊन धावत आल्या, धापा टाकत, आणि त्या बिचारीनं आपल्या परीनं सगळ्यात मोठ्या नुकसानीची बातमी दिली:

"अहो, तिसरं तव्यावरच राहिलं की!"

मागच्या सायकलवर कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. सरांनी घास गिळला. घसा साफ केला. "हे," ताट किंचित वर करून ते म्हणाले, "हे प्रात्यक्षिक आहे."

आता मात्र अख्खी गल्ली खो खो हसली. मारोतीनं तर मांडीवर थाप मारली. "अक्का, डिझेल टँकर हाय हे!" आत्यांनी त्याला कोपरानं ढोसलं, पण त्यांचंही हसू पदरात मावेना. गिरणीतल्या चिमण्या त्यांना एकदम आठवल्या, आणि ताणलेली दोन बटणंही.

हसली नाही ती एकटी धम्मप्रिया. ती पुढे आली. तिच्या हातात अजून चपला होत्या. "सर," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं विचारणं होतं, "तुमी अकरापर्यंत कायच घेत न्हाईत म्हणाला होतात. मी दोन महिने कायच खाल्लं न्हाई, सर."

हसणं थांबलं. सरांचा चेहरा उतरला. मंगळवारी बेंचवरून पडलेल्या पोरीच्या तोंडावर पाणी त्यांनीच मारलं होतं, आणि पोरांना अभ्यासाचा ताण म्हणून सांगितलंही त्यांनीच होतं. ते ताटाकडे बघत म्हणाले, "मी शिकत होतो तेव्हा सकाळी खायला नव्हतंच गं. खोलीवर कायच नसायचं. मग पोटाला कायतरी सांगावं लागतं ना? रिकाम्या पोटी डोकं चालतं, असं सांगायचो. सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं. पुढं खायला मिळालं, पण बोलणं तेच ऱ्हायलं. चुकलं माझं."

मग त्यांनी हातातलं ताट तिच्यापुढे धरलं. "घे. गरम हाय."

धम्मप्रियानं आत्याकडे पाहिलं नाही, बापाकडे पाहिलं नाही. चपला खाली टाकल्या, ओढणीला हात पुसला, सरांच्या ताटातलं धपाटं तोडलं, दह्यात बुडवलं आणि तोंडात टाकलं. मग दुसरा घास. मग लोण्याचा. भूक अशी की तिसऱ्या घासाला ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी थांबेना. सर ताट धरून उभे होते आणि पोरगी खात होती.

मारोती बघत होता. मुखेडात त्याच्या लहानपणी हाटेलात त्याच्या चहाचा कप वेगळ्या खुंटीला असायचा, हे धुरपताबाईंना माहीत होतं, कारण त्यांचाही तिथंच असायचा. मारोतीनं गळ्यातल्या रुमालानं तोंड पुसलं, घाम नसताना. आत्यांना त्या क्षणी इतकं भरून आलं की स्वतःच्या उतरंडीबद्दल कबुली द्यावी असं मनात आलं. पण लोक इतके खुशीत होते की त्यांनी तो विचार बाजूला ठेवला.

शिवाय धक्का बसल्यावर पाऊण तास कुणी आत जायचं नाही, हाही नियम होता. गल्लीत सत्तर माणसं आणि वीस उपाशी पोरं रस्त्यावर उभी. आत्यांनी तेवढ्यात हात दाखवला. ज्यांना आत जायची भीती नव्हती अशा त्या एकट्याच होत्या, आणि त्याचं कारण त्या एकट्यांनाच माहीत होतं. स्टोव्ह अंगणात आणला, मारोतीला पंप मारायला बसवलं, चुरमुरे भिजवले, डाळ्याचं कूट घातलं, हिरवी मिरची, कढीपत्ता, वरून कोथिंबीर. दहा मिनिटांत परातभर सुशीला तयार. तीच परात, जरा वाकलेली. प्रेमलाबाईंनी आपलं सगळं पीठ बाहेर आणलं आणि तवा तिथंच मांडला. मनस्विनी आणि रुद्राणी वाढायला लागल्या, म्हणजे एक ताटली वाढून एक तोंडात.

"बाई, तुमच्यामुळं वाचलो," बापूसाहेब सुशीला खात म्हणाले. "पहिला आवाज तुमचा होता. मी वेळ टिपून ठेवलीय. पाच एकतीस." त्यांची स्वतःची उतरंड खिडकीतून दिसत होती, जागच्या जागी, पेल्यासकट उभी. ती गोष्ट त्यांनी वहीत लिहिली नाही.

त्या दिवशी चाचणी साडेसहाला सुरू झाली. सरांनी शेडचं दार उघडंच ठेवलं. सोमवारपासून क्लास सव्वासहाला, आणि खाऊन न येणाऱ्याला बाहेर उभं करण्यात येईल, असंही जाहीर केलं. आवाज तोच खणखणीत होता. फक्त "माझ्याकडं बघा" हे शब्द त्यांनी गाळले. पोरं त्याशिवायही बघतच होती.

आठच्या मुखेड गाडीनं मारोती एकटा गेला. रिकाम्या पिशवीत आत्यांनी सहा धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. गाडीत चढताना तो म्हणाला, "अक्का, पोरगी तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. पण एक सांग. धक्का बसला तवा माझी खाट कामून हलली न्हाई?"

"तुझी झोपच तसली," आत्या म्हणाल्या.

दहाला पोरी परतल्या तेव्हा आत्या पायरीवर बसून वरवंट्यानं कळशीचा पोचा काढत होत्या. धम्मप्रिया शेजारी येऊन बसली.

"आत्या, दाराआड उतरंड कुणी रचली होती?"

"कसली उतरंड?"

"कळशीला एवढा मोठा पोचा पडलाय."

"भूकंपात पडतोच."

पोरीनं आत्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती इतकी हसली की कळशी ठोकणं बंद करावं लागलं.

सोमवारी सकाळी स्टूल दाराशी तिथंच होतं. त्याच्यावर आता तीन ताटल्या होत्या, प्रत्येकीत लोणी लावून सुरळी केलेली दोन-दोन धपाटी, दोघींच्या ताटलीत गुळाचा खडा आणि एकीच्या ताटलीत उकडलेलं अंडं. बाजूला आंबिलीचे तीन पेले. स्टूल उचलल्याशिवाय दार उघडत नव्हतं, आणि ताटल्या रिकाम्या झाल्याशिवाय स्टूल उचलायची परवानगी नव्हती. आत्या शेजारी बसून म्हणाल्या, "खा सावकाश. मी इथंच हाय." पोरी गेल्यावर त्यांनी पाहिलं, तिन्ही ताटल्या धुऊन एकीवर एक पालथ्या ठेवल्या होत्या आणि वर एक पेला होता.

फाटकाशी म्हैस सवयीनं उभी होती. ती आठवडाभर रोज येत राहिली. मग तिनं यायचं सोडलं.